पद्मिनीचे इंजिन बांधताना

प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. टॅक्सी म्हणून तिने ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईचा निरोप घेतला, तरी हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या इंजिनकामासाठी अजून गॅरेजात येतात. ज्याला इंजिन बांधायला शिकायचे आहे, त्याने याच 1089 सीसीच्या, चार सिलिंडरच्या साध्या इंजिनापासून सुरुवात करावी, कारण त्यात जवळजवळ सारे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

इंजिन उतरवल्यावर रॉकेलचा डबा लगेच पुढे ओढू नये. नवशिका पहिल्या तासातच सारे भाग धुऊन चकचकीत करतो आणि इंजिनाची साक्षच पुसून टाकतो. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, अॅल्युमिनियमचे आहे, म्हणून ते पूर्ण थंड झाल्यावरच, नट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे ढिले करत काढावे, नाहीतर ते वाकते. मग पिस्टनचे माथे नीट पाहावेत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जात होते; ओलसर, तेलकट थर म्हणजे रिंगांतून (पिस्टनभोवतीच्या कड्यांतून) किंवा वॉल्व्ह गाइडमधून (वॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून) ऑइल येत होते; आणि चारांपैकी एकच माथा धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर तिथे हेड गॅस्केटमधून (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ थरातून) पाणी शिरत होते असे बहुधा निघते. बेअरिंगच्या अर्ध्या वाटीला एकाच कडेला तांबे उघडे पडले असेल, तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणारी दांडी, वाकल्याची शंका घ्यावी. मला या कामात सर्वांत सुंदर वाटतो तो हाच टप्पा. नव्या भागाला सांगण्यासारखे काही नसते.

रॉडच्या कॅपवर (बोल्टने बसवलेल्या खालच्या अर्ध्या भागावर) पंचने खुणा केल्याशिवाय एकही बोल्ट काढू नये, कारण प्रत्येक कॅप आपल्याच रॉडबरोबर घासून तयार झालेली असते.

सिलिंडरची सर्वाधिक झीज वरची रिंग जिथून परत फिरते तिथे होते: तिथे दाब सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी. नख फिरवले की ती पायरी लागते, पण नखावर विसंबू नये. तीन उंचींवर, इंजिनाच्या लांबीच्या दिशेने आणि तिला काटकोनात, बोअर गेजने (सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, मोजणाऱ्या साधनाने) माप घ्यावे. बोअरिंगची, म्हणजे सिलिंडर आतून कोरून रुंद करण्याची, गरज ठरली, तर आधी ओव्हरसाइझ (थोडे मोठे) पिस्टन विकत घ्यावेत, ते मायक्रोमीटरने मोजावेत आणि मगच ब्लॉकसह लेथवाल्याकडे द्यावेत. पिस्टनवरून बोअर ठरतो. पाकिटावरच्या आकड्यावरून नव्हे.

होनिंगनंतर, म्हणजे बोअर बारीक दगडांनी घासल्यावर, भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जी जाळी उमटते, तिच्यात ऑइल टिकते. त्याच जाळीत दगडाची पूडही अडकते आणि ती नुसत्या रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश वापरावा. नंतर ऑइलचा पांढरा फडका फिरवावा आणि तो काळा व्हायचा थांबेपर्यंत थांबू नये. लगेच ऑइल चोपडावे. एकदा जुलैत मी घाईत ब्लॉक तसाच कोरडा ठेवून घरी गेलो. सकाळी चारही बोअरवर नारिंगी गंज चढला होता आणि होनिंग पुन्हा करावे लागले.

जोडणीत प्रत्येक रिंग प्रथम सिलिंडरमध्ये एकटी बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासावी, आणि पिस्टनवर चढवताना फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत. हेड मात्र मध्याकडून कडेकडे, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) टप्प्याटप्प्याने कसावे.

प्लग न लावता, ऑइलचा दाब दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवावे. मगच चालू करावे. पहिले ऑइल 500 किलोमीटरला बदलावे आणि ते पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरावे. रिंगा बसताना झडलेली बारीक चंदेरी पूड त्यात दिसणे स्वाभाविक आहे. तांबूस कण चमकले, तर ते बेअरिंगचे असू शकतात; चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) पुन्हा खोलावे.