एक किलो बांगडे: अर्धे टोपात, अर्धे निखाऱ्यावर

रविवारी चार-पाच माणसांचं जेवण करायचं असेल तर बांगड्यासारखा मासा नाही. पापलेट-सुरमईपेक्षा खिशाला परवडतो, आणि अंगचं तेल भरपूर असल्याने रश्शात उतरतो, निखाऱ्यावरही कोरडा पडत नाही. मध्यम आकाराचे घेतले तर किलोत सहा-सात येतात. त्यातले तीन अख्खे भाजायला ठेवायचे, उरलेल्यांचं तिखलं, म्हणजे बिनफोडणीचा आंबट-तिखट रस्सा, करायचं.

घेताना घाई करू नका. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत. कल्ला उचलून आत लालभडक दिसतंय का बघा. पोटावर बोट दाबलं आणि खळगा तसाच राहिला, तर पुढच्या टोपलीकडे वळा. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मोठ्या होड्या समुद्रात जात नाहीत, तेव्हा ताज्याचा हट्ट धरण्यापेक्षा सुका बांगडा भाजलेला बरा. आणि बांगडा घेतल्यावर घरी येईपर्यंत बर्फात ठेवा. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, ते खाल्लं की अंगाला खाज सुटते, चेहरा लाल होतो. मासा कितीही शिजवला तरी ते जात नाही. म्हणून बाजाराला जाताना बर्फाचा डबा न्या.

तिखलं आधी करून ठेवायचं, कारण ते मुरल्यावर जास्त चांगलं लागतं. आठ-दहा बेडगी मिरच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. त्यात पाऊण वाटी ओलं खोबरं, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद आणि अर्धा छोटा कांदा घालून अगदी गंधासारखं बारीक वाटा. वाटण भरड राहिलं तर रस्सा आणि पाणी वेगळं होतं. फोडणी नाही, कांदा परतायचा नाही.

आता तिरफळं, म्हणजे कोकणातली उग्र वासाची सुकी मसाल्याची फळं. सात-आठ पुरेत. आतली काळी बी काढून टाका, नुसती सालं पाण्याच्या हबक्याने ओली करून जरा ठेचा, म्हणजे वास सुटतो. बी राहिली तर दाताखाली कचकच येते. तिरफळाचा तो झणका बांगडा, तारली अशा तेलकट माशांनाच शोभतो. पापलेटच्या रश्शात मी तिरफळ घालणार नाही.

टोपात वाटण, दीड वाटी पाणी, पाच-सहा आमसुलं, तिरफळं आणि मीठ एकत्र करून उकळी आणा. आच मंद करून पाच मिनिटं तशीच ठेवा. मग बांगड्याचे तुकडे सोडा आणि आणखी सात-आठ मिनिटं शिजवा. डाव घालून ढवळायचं नाही, तुकडे मोडतात. टोप फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून हलकेच गोल फिरवा. उतरवताना वरून चमचाभर कच्चं खोबरेल सोडा आणि लगेच झाकण ठेवा. पानात आलेली तिरफळं चावायची नाहीत, बाजूला काढायची, हे पाहुण्यांना आधी सांगा.

भात उकड्या तांदळाचा लावा आणि अंगणात या.

भाजायच्या बांगड्यांचं डोकं ठेवा, पण कल्ले आणि आतडी काढून पोटातली काळी पापुद्र्याची त्वचा नीट धुवा, कडूपणा तिथेच असतो. दोन्ही बाजूंना हाडापर्यंत तीन-तीन तिरक्या चिरा द्या. दोन चमचे मालवणी मसाला, चमचाभर आलं-लसणाचं वाटण, चिमूटभर हळद आणि दोन चमचे कोकमाचं आगळ (मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस) कालवून चिरांमध्ये बोटाने भरा. आगळ खारट असतं, म्हणून मीठ शेवटी चाखूनच घाला. वीस मिनिटं पुरे.

तीन-चार चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) मांडून वर लोखंडी जाळी ठेवा. खाली नारळाच्या करवंट्या पेटवा. करवंटी भडकून जळते आणि हाच सगळ्यात फसवा टप्पा आहे: ज्वाळा दिसल्या की सगळे मासा घालायला धावतात. थांबा. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर धरू दे, त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मग निखारे एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असे पसरा. जाळीच्या उंचीवर तळहात तीन-चार सेकंद धरवला तर आच बरोबर आहे. जाळी तापली की अर्धा कांदा काटेचमच्यात खोचून, तेलात बुडवून तिच्यावर घासा.

बांगडा ठेवला की पाच मिनिटं हात लावू नका. साल भाजली की ती आपोआप जाळी सोडते. ओढावं लागतंय म्हणजे अजून वेळ आहे. तेल गळून ज्वाळा उठल्या तर मासा कमी निखाऱ्यांच्या बाजूला सरकवा. दुसरी बाजूही पाच-सहा मिनिटं. पाठीच्या जाड भागात सुरीचं टोक घाला: मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटत असेल तर झालं.

मासे न खाणाऱ्यांसाठी नीरफणसाचे काप करा. सोलून अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर काळे पडतात. पुसून तोच मसाला लावा आणि जाळी माशाची होण्याआधी मंद बाजूला भाजून घ्या.

फ्लॅटमध्ये राहात असाल तर बंद गॅलरीत किंवा खोलीत कोळसा पेटवू नका, त्याचा विषारी वायू वासाने कळत नाही. तव्यावर केळीचं पान पसरून त्याच मसाल्याचा बांगडा मंद गॅसवर झाकून भाजा. धुराचा वास येणार नाही, पण पानाचा छान येतो.

समुद्रावर भाजणार असाल तर निघताना निखारे वाळूत पुरू नका. वाळूखाली ते बराच वेळ धगधगत राहतात आणि अनवाणी चालणारं पोर भाजतं. बादलीभर पाणी ओतून, काठीने उलथून पुन्हा ओता. ओली राख हाताला गार लागली की मगच पिशवीत भरून सोबत न्या.