द्राक्षबागेला छोटा ट्रॅक्टर घेताय? आधी टेप घेऊन बागेत जा

लावण 9 बाय 5 ची आहे म्हणून 9 फूट जागा मिळते असं धरू नका. पोल, अँगल, ड्रीपची नळी, लोंबलेल्या काड्या हे सगळं धरून जिथं सगळ्यात चिंचोळं आहे तिथं माप घ्या, दोन्ही बाजूला फूटभर मोकळं सोडा, उरेल त्यात ट्रॅक्टर आणि मागचं अवजार दोन्ही बसलं पाहिजे. मांडव असेल तर उंचीपण बघा, सीटवर माणूस बसलेला धरून.

आता एचपी. एक-दोन एकरात नुसती आंतरमशागत आणि छोटी ट्रॉली असेल तर स्वराज 717 सारखा 15 चा पुरतो. पण ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेनं औषध फवारायचं यंत्र, चालवायचा असेल, आणि द्राक्षाला तो लागतोच, तर इंजिनचा नाही, पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा एचपी विचारा. महिंद्रा जिवो 245 चं इंजिन 24 चं आहे, पीटीओला 22 मिळतात. ब्लोअरवाल्याकडून पंख्याला किती लागतो ते काढून घ्या आणि वर थोडा शिल्लक ठेवा, चढाला आणि चिखलाला तो लागतो.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते लिफ्टला, म्हणजे ट्रॅक्टर मागं किती वजन उचलतो त्याला. ब्लोअरची 600 लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच 600 किलो झालं, त्यात पंप, पंखा, लोखंड आलं, आणि या साईजच्या बऱ्याच ट्रॅक्टरची लिफ्ट 750 किलोच्या आसपास असते, तीपण लिंकेजच्या, म्हणजे अवजार जोडायच्या दांड्यांच्या टोकाला, टाकीचं वजन तर त्याच्याही मागं पडतं. आमच्या भावकीत भरल्या टाकीनं बांध चढताना पुढची चाकं उचलली होती, ते बघून अजून अंगावर काटा येतो. म्हणून लिफ्टवर घ्यायचा तर 200-300 लिटरचाच घ्या, मोठी टाकी हवी असेल तर चाकावरची, ओढायची घ्या, फक्त मग ओळीच्या टोकाला वळायला जागा जास्त सोडावी लागते.

फोर व्हील का टू व्हील हे जमिनीवर आहे. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) ऑक्टोबरात पाऊस पडला की डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी थांबवता येत नाही, आणि काळ्या रानात टू व्हील तेव्हाच रुततो, तिथं फोर व्हीलच घ्या. मुरमाड असेल तर पैसे वाचवा.

रोटाव्हेटर चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडा रुंद बघा, नाहीतर चाकोरी दबलेलीच राहते.

डेमो शोरूमच्या डांबरावर नको, तुमच्याच बागेत मागा, टाकी काठोकाठ भरून, ब्लोअर चालू ठेवून, सगळ्यात चिंचोळ्या ओळीतून, आणि टोकाला एका दमात वळतो का ते बघूनच बुकिंगचे पैसे द्या.