व्हिडिओ आणि वेबसाईट एकाच दिवशी शूट करा

शेवटच्या वर्षाला म्युझिक व्हिडिओ आणि त्याच कलाकाराची वेबसाईट असा जोडप्रोजेक्ट मिळाला की बहुतेक गट लगेच कामाची वाटणी करून टाकतात. तिघं कॅमेरा घेऊन बाहेर पडतात आणि ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं त्याच्या गळ्यात वेबसाईट पडते. मी कोल्हापुरात एडिटिंग करते आणि मास कम्युनिकेशनच्या मुलांसोबत दरवर्षी या प्रोजेक्टला बसते. अशी वाटणी झाली की पुढचं मला आधीच दिसायला लागतं. व्हिडिओत नदीकाठची धुळकट संध्याकाळ, वेबसाईटवर निळ्या-जांभळ्या रंगाचा तयार साचा, आणि त्यावर गायिकेचा कुणाच्या तरी लग्नातला फोटो. सुटी सुटी बघितली तर दोन्ही कामं बरी असतात. एकाच कलाकाराची मात्र वाटत नाहीत, आणि मार्क नेमके त्याचेच असतात.

हे शिकायला आम्हाला गावाबाहेर जावं लागत नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. कॅमेरा सहकाऱ्यांना घेऊन इथंच बनवला, देखाव्यांवर हात त्यांचा, आणि चित्रपटांची पोस्टरंही ते स्वतः रंगवायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला पोस्टर बघूनच आत काय आहे याचा अंदाज यायचा. तुमची वेबसाईट हेच काम करते. ज्या नजरेनं शॉट लावलात त्याच नजरेनं ती लावा.

आधी कलाकार, मग गोष्ट

मुलं पहिल्या बैठकीला गोष्ट घेऊन येतात: मुलगा, मुलगी, पाऊस, रेल्वे स्टेशन. मी ती बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, हा कलाकार कोण? कुठल्या गल्लीत राहतो, रियाज कुठं करतो, स्टेजवर जाताना पायात काय घालतो, वाद्य कशात गुंडाळून नेतो? याची उत्तरं आली की रंग, जागा, कपडे आपोआप ठरत जातात, आणि तीच उत्तरं पुढे वेबसाईटवर ‘ओळख’ या पानाची पहिली ओळ होतात.

एका गटाचं उदाहरण देते. मुलगी गाणारी, सोबत हलगी वाजवणारा मित्र, गाणं स्वतःचं. त्यांच्या डोक्यात रंकाळ्यावर फिरतानाचे शॉट होते. मी त्या पोराला म्हटलं, तू वाजवायच्या आधी काय करतोस ते दाखव. कातड्याची हलगी गार पडली की तिचा आवाज बसतो, म्हणून ती विस्तवावर शेकतात. त्यानं अंगणात थोडी चिपाडं पेटवली, हलगी आडवी धरून गोल फिरवायला लागला, मध्येच बोटानं टिचकी मारून ऐकायचा, परत फिरवायचा. आच लागली की कातडं ताणलं जातं, पांढुरकं दिसतं, त्यामागून जाळाचा केशरी उजेड झिरपतो आणि कडेला जुन्या धुराचे काळे डाग उठून दिसतात. टिचकीचा आवाज बद्दवरून टणक होत जातो. व्हिडिओची सुरुवात तिथंच मिळाली. वेबसाईटचे रंगही तिथंच मिळाले: पाठीमागं कोळशाचा काळा, अक्षरं कातड्याच्या पांढुरक्या रंगात, आणि केशरी फक्त एका बटणाला. हे आम्ही एका कागदावर लिहून भिंतीवर लावलं. पुढे कपडे घेताना, जागा बघताना, फाँट निवडताना सगळे त्या कागदासमोर उभे राहायचे.

असा एक कागद तुमच्याकडे असल्याशिवाय रेकीला, म्हणजे शूटच्या जागा बघायला, जाऊ नका.

गाणं कुणाचं?

आवडत्या गायकाचं गाजलेलं गाणं घेऊन व्हिडिओ करायचा मोह सगळ्यांनाच होतो. वर्गात दाखवण्यापुरतं ते चालून जाईल, पण वेबसाईट म्हणजे जाहीर प्रकाशन. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. शब्द आणि संगीतावर कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे तुकोबांचा अभंग घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पण तुमच्या ओठांवर असलेली त्याची चाल बहुधा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते आणि ते रेकॉर्डिंग एखाद्या कंपनीचं असतं. अभंग घ्यायचाच असेल तर नवी चाल बांधा. मित्रानं गाणं लिहिलं असेल तर त्याच्याकडून वापराची परवानगी कागदावर सहीनिशी घ्या. मैत्रीत काय कागद, असं म्हणू नका. गाणं चाललं की पहिलं भांडण नावावरूनच होतं.

आणि शूटच्या आधी गाणं लॉक करा. नंतर मिक्स, म्हणजे आवाजांची पातळी, बदललं तर चालेल, लय बदलली की सगळे ओठ चुकले. लय अजून ठरायची असेल तर एक सोय सांगते: मिनिटाला १०० ठोके ठेवले आणि सेकंदाला २५ फ्रेमवर शूट केलं, तर प्रत्येक ठोका बरोबर १५ फ्रेमवर पडतो. चार ठोक्यांचं आवर्तन ६० फ्रेमचं, म्हणजे २.४ सेकंदांचं. ३ मिनिटं ३६ सेकंदांचं गाणं म्हणजे ९० आवर्तनं. वहीत ९० चौकोन आखा आणि कुठल्या आवर्तनाला काय दिसणार ते पेन्सिलीनं भरा. शॉट डिव्हिजनची याहून सोपी पद्धत मला माहीत नाही. रिकामे राहिलेले चौकोन लगेच डोळ्यात भरतात.

प्लेबॅक आणि फ्रेम

२५ फ्रेम का, तर आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५०, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं, ठेवलं की ट्यूबलाइटखाली पट्टे येत नाहीत. मोबाईलवर करणार असाल तर साधा कॅमेरा वापरू नका. तो उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो आणि एडिटला गाणं हळूहळू घसरायला लागतं. ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे ॲप फुकट आहे, तुमच्या फोनवर चालत असेल तर त्यात फ्रेम, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. भर दुपारी १/५० ला चित्र पांढरं पडतं. लेन्सवर लावायचा, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर नसेल तर सकाळी लवकर नाहीतर सूर्य कलल्यावर शूट करा. कोल्हापुरात जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळं गायिकेचा मेकअप सहाला पूर्ण हवा.

प्लेबॅकची, म्हणजे शूटला वाजवायच्या गाण्याची, फाईल आदल्या रात्री तयार ठेवा. गाण्याआधी चार ठोके मोजून घाला, म्हणजे गाणारीला उचल मिळते. स्पीकर मोठा घ्या आणि तिच्याजवळ ठेवा. तिला मोठ्यानं गायला सांगा. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा खोटं बोलतात आणि पडद्यावर ते लगेच कळतं. कॅमेऱ्यात येणारा आवाज शेवटी वापरायचा नसला तरी चालू ठेवा, सिंक, म्हणजे चित्र आणि गाणं जुळवणं, त्याच्यावरच होतं.

आता एक बारकावा. पंचगंगेच्या घाटावर पलीकडून टेलीनं, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सनं, शॉट घेतला तर आवाजाला कॅमेऱ्यापर्यंत यायला वेळ लागतो. २५ फ्रेमच्या हिशेबात साधारण दर १४ मीटरला एक फ्रेम. कॅमेरा ४० मीटरवर असेल तर आवाजावरून सिंक केलेलं चित्र गाण्याच्या तीन फ्रेम पुढं धावतं. ती क्लिप टाइमलाइनवर तीन फ्रेम उजवीकडं सरकवा, ओठ जुळतील.

स्लो मोशनमध्ये गायचं असेल तर गाणं दुप्पट वेगानं वाजवा, ५० फ्रेमवर शूट करा आणि एडिटला २५ वर आणा. केस आणि ओढणी संथ उडतात, ओठ मात्र गाण्यावर बरोबर बसतात. गाणारीनं दुप्पट वेगाचा सराव घरी करून यायला हवा.

प्रत्येक सेटअपला, म्हणजे कॅमेरा आणि दिव्यांच्या प्रत्येक मांडणीला, पूर्ण गाणं घ्या, कडव्यांचे तुकडे नकोत. सलग गाताना तिसऱ्या कडव्याला चेहऱ्यावर जे येतं ते तुकड्यात येत नाही.

दिवे काढायच्या आधी पाच मिनिटं

सगळ्या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं आता सांगते. वेबसाईट फसते ती फोटो नसल्यामुळं. शूट संपतं, पोरं दमतात, आणि पंधरा दिवसांनी वेबसाईट करणारा व्हिडिओतून फ्रेम काढायला बसतो. १/५० शटरवर हलणारा हात पुसट येतो. व्हिडिओत तो सुंदर दिसतो, थांबलेल्या चित्रात नाही. म्हणून प्रत्येक सेटअप झाला की दिवे, उजेड परतवायचे थर्माकोल, काहीही हलवू न देता पाच मिनिटं फोटोंसाठी राखा. शॉट डिव्हिजनच्या तक्त्यातच फोटोंचा वेगळा रकाना करा, नाहीतर ‘नंतर घेऊ’ होतं. वेबसाईट करणारा या वेळी सेटवर हवाच, आणि त्या पाच मिनिटांत हुकूम त्याचा.

त्यानं काय मागायचं? एक आडवा फोटो, ज्यात कलाकार एका बाजूला आणि दुसरी बाजू रिकामी, कारण तिथं नाव येणार. तोच उभा, कारण बहुतेक जण साईट फोनवर उघडतात आणि आडवा फोटो फोनवर कापला जाऊन गायिकेचा अर्धा चेहरा तेवढा उरतो. आणि वस्तूचा अगदी जवळून एक: हलगीवरचे डाग, दोन काड्या धरलेली बोटं. शटर १/२५० च्या पुढं. उभ्या फोटोला लागूनच दहा सेकंदांचा उभा व्हिडिओही घ्या, रीलला होतो.

परवानगीचं थोडक्यात: कॉलेजच्या लेटरहेडवरची पत्रं आधी तयार ठेवा. पन्हाळ्यासारख्या संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय ट्रायपॉड लावू नका, स्टेशनवर रेल्वेला विचारल्याशिवाय. उजळाईवाडीला विमानतळ आहे, तेव्हा ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी साईटवरचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन उडवायचा नाही. लहान मुलं फ्रेममध्ये असतील तर आईवडिलांची लेखी संमती हवी.

वेबसाईट

एडिटसाठी ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. कलर करताना भिंतीवरचा कागद समोर ठेवा, आणि रंग ठरवून झालेल्या व्हिडिओशेजारी फोटो उघडून दोन्ही एकाच माणसाकडून जुळवून घ्या. काळा तोच काळा, त्वचा तीच त्वचा.

साईट छोटी ठेवा. पहिल्या पडद्यावर नाव, फोटो आणि व्हिडिओ बघायचं एकच बटण. खाली गाण्याचे बोल, दोन परिच्छेदांची ओळख, फोटो, श्रेयनामावली, संपर्क. कार्यक्रमांच्या खोट्या तारखा आणि नसलेले टी-शर्ट विकायला ठेवू नका. खराखुरा एक कार्यक्रम असेल, अगदी कॉलेजच्या गॅदरिंगचा, तरी तो पुरेसा आहे. बोल चित्र म्हणून चिकटवू नका, अक्षरात टाइप करा. गाण्याची ओळ टाकून शोधणारा माणूस तरच तुमच्यापर्यंत पोचतो.

अक्षरांकडं मी फार बारीक बघते, कारण मराठी साईट तिथंच परकी वाटायला लागते. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट गूगल फाँट्सवर मोफत आहेत. तिथंच ‘टायरो देवनागरी मराठी’ आहे, त्यात आपल्या वळणाचे ल आणि श मिळतात. काही फाँटमध्ये हे वळण असतं, पण पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली तरच दिसतं, तेव्हा कोडमध्ये भाषा मराठी ठेवा. मोठ्या आकारात जोडाक्षरं तपासा. गायिकेच्या नावात रफार असेल तर तो वरच्या ओळीला टेकत नाही ना, ते बघा.

फोटो १,६०० ते २,००० पिक्सेल रुंद पुरे, वेबपी या हलक्या फाईल-प्रकारात ३०० केबीच्या आत. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की जे चित्र दिसतं ते वेगळं द्यावं लागतं, १,२०० बाय ६३० पिक्सेलचं. यूट्यूबचा थंबनेल १,२८० बाय ७२०. हे दोन्ही त्याच आडव्या फोटोतून काढा. जिथून कुठून कुणी येईल त्याला तोच चेहरा, तोच जाळ दिसू दे.

संपर्काला घरचा मोबाईल नंबर देऊ नका, प्रोजेक्टचा वेगळा ईमेल काढा. आणि सबमिशनच्या दोन दिवस आधी साईट गटाबाहेरच्या कुणाच्या तरी साध्या फोनवर, वायफाय बंद करून उघडा. त्या माणसाला काही समजावून सांगू नका, शेजारी बसून फक्त त्याचा अंगठा कुठं थांबतो आणि कुठं परत फिरतो ते लिहून घ्या. दुरुस्त्या त्या कागदावरून करा, मग यूट्यूबवरचा व्हिडिओ ‘अनलिस्टेड’वरून, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसतो त्यावरून, ‘पब्लिक’ करा.