५० मीटर बटरफ्लाय: शेवटचा हात भिंतीवर बसवा

स्वीडनची जलतरणपटू सारा शोस्ट्रॉम हिने २०१४ मध्ये हे अंतर २४.४३ सेकंदांत कापलं. इतक्या छोट्या शर्यतीत चूक भरून काढायला पुढे पाणीच उरत नाही.

सूर मारल्यावर पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जुळवून एकत्र मारलेली लाथ) जोमात घ्या, पण १५ मीटरच्या खुणेपर्यंत डोकं पाण्याबाहेर यायलाच हवं, नाहीतर बाद. वेग उतरू लागला तर त्याआधीच वर या. पहिल्या हाताला, म्हणजे पहिल्या स्ट्रोकला, श्वास घेऊ नका. मान उचलली की कंबर बुडते. पुढेही एक-दोन श्वास पुरे. हनुवटी पाण्याला लागूनच ठेवा.

खरा घोळ शेवटी होतो. हात पसरून घसरत गेलात तर वेग मरतो, अर्धा हात जास्त मारलात तर कोपर वाकलेलं असतानाच भिंत येते. म्हणून सरावात पूर्ण वेगाने, भिंतीआधी ५ मीटरवर टांगलेल्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंत किती हात लागतात ते मोजा. आकडा जमेना तर आधीच्या दोन हातांची लांबी किंचित बदला. ऐनवेळी काही होत नाही. दोन्ही हात एकाच वेळी, वेगवेगळे टेकवा. डोकं खालीच! घड्याळ नंतर बघा.