पुस्तक अर्धवट सोडायचं की रेटायचं, कसं ठरवायचं

पुस्तक रटाळ वाटायला लागलं की आधी बघा कंटाळा नेमका कशाचा आलाय, कारण सोडायचं की नाही ते त्यावरच ठरतं. बरेच जण एकतर दहाव्या पानावरच बाजूला टाकतात नाहीतर "विकत घेतलंय ना" म्हणून महिनोन्‌महिने उशाशी ठेवून रोज दोन-दोन पानं ढकलत बसतात. पैसे तर गेलेच, पुस्तक संपवून ते परत येणार नाहीयेत, आता प्रश्न फक्त तुमच्या पुढच्या आठ-दहा रात्रींचा आहे.

किती पानं द्यायची? अमेरिकेतल्या सिएटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा हिशोब मला पटतो. वय पन्नासपर्यंत असेल तर ५० पानं, पन्नाशी ओलांडली की १०० मधून वय वजा करायचं, म्हणजे ७० वर्षांच्या आजोबांनी ३० पानं वाचली की बास. पण हे दोनशे-अडीचशे पानांच्या कादंबरीला बरं, जाडजूड ठोकळ्याला ५० पानं म्हणजे काहीच नाही. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून सांगतात, त्यामुळे कर्णाच्या अलंकारिक भाषेने दमलात तरी निदान दुसरं कोणी बोलायला लागेपर्यंत थांबा, तिथेही मन लागलं नाही तर मग खुशाल ठेवा.

भाषेमुळे अडलं असेल तर मात्र लगेच सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधली वऱ्हाडी बोली पुण्या-मुंबईत वाढलेल्याला सुरुवातीला जड जाते, अशा वेळी एक-दोन प्रकरणं मोठ्याने वाचून बघा, कान सरावला की माणसं डोळ्यासमोर उभी राहतात आणि अडखळणं कमी होतं. आणि अनुवाद असेल तर दोष कदाचित मूळ लेखकाचा नसेलच, वाक्य दोनदा वाचूनही अर्थ लागत नसेल तर त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद मिळतो का बघा, किंवा जमत असेल तर मूळ भाषेतली चार पानं चाळा.

आता सोडायच्या खुणा. पान संपलं आणि काय वाचलं ते आठवत नाही, असं एकदा झालं तर दमलेले असाल, पण रोज होत असेल तर नाही. आठवडाभर पुस्तक बंद होतं आणि पुढे काय झालं असेल असं एकदाही मनात आलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही म्हणून तुमचं एकूण वाचनच थांबलंय, इथे तर अजिबात विचार करू नका, ठेवून द्या, एका पुस्तकापायी वाचायची सवय मोडणं फार महागात पडतं कारण ती परत लागायला वेळ जातो.

माहितीपर पुस्तकांना हे सगळं लागू नाही, तिथे अनुक्रमणिका बघून हवी ती प्रकरणं वाचा आणि मोकळे व्हा. अभ्यासाचं असेल तर इलाजच नाही.

सोडताना थांबलात त्या पानात एक चिठ्ठी ठेवा आणि का सोडलं ते एका ओळीत लिहा, "खूप वर्णनं" किंवा "सध्या मृत्यूबद्दल वाचवत नाही" असं काहीही, कारण दुसऱ्या प्रकारचं पुस्तक तुम्ही दोन वर्षांनी परत काढाल आणि पहिल्या प्रकारचं बहुतेक नाही, मग ते कोणाला तरी देऊन टाका. लायब्ररीचं असेल तर घरात अडकवून न ठेवता लगेच परत करा, नवीन पुस्तकांना लोक थांबलेले असतात, आणि काउंटरवर "नाही आवडलं, फार संथ वाटलं" हे स्पष्ट सांगा, चांगले ग्रंथपाल तेवढ्यावरनं पुढचं पुस्तक बरोबर काढून देतात.