आजी एक सांगते, कागद दुसरंच: वंशावळ करताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत वंशावळ करायला बसणारी बरीच मंडळी माझ्याकडे येतात. हौस चांगलीच आहे. पण एखादा दरबारी कागद हाती लागला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खोटं पाडायची जी घाई होते, ती मला सहन होत नाही. कागद आणि आठवण जुळत नाहीत म्हणजे दोहोंपैकी एक खोटं, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ओळखीच्या घरात पणजोबांचं श्राद्ध पहिल्यापासून आश्विन वद्य पंचमीला होतं. घरातल्या पणतूला जुन्या ट्रंकेत त्यांच्या मृत्यूची नोंद सापडली: कार्तिक वदी ५, संवत १९७५. झालं! आपण इतकी वर्षं भलत्याच महिन्यात श्राद्ध करत आलो, असं त्यानं सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. त्यातच त्याच्या आत्याबाई म्हणायच्या, "आजोबा प्लेगात गेले," आणि कागदावर होता नुसता 'ज्वर'. मग आत्याबाईंनी सांगितलेलं सगळंच त्यानं वहीतून काट मारून बाद केलं. त्या बिचाऱ्या पुढे काही सांगेनाशाच झाल्या.

वास्तविक दोन्ही तिथ्या एकच आहेत. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात महिन्याचं नाव जुळतं, वद्य पक्षात हिंदी पंचांग एक नाव पुढे असतं. आपली आश्विन वद्य पंचमी ती त्यांची कार्तिक वदी पंचमी. ग्वाल्हेर दरबारच्या नाण्यांवरसुद्धा संवत असे, घरातलं धर्मकार्य मात्र शकावर चाले. संवत १९७५ मधून ५७ वजा करा, त्याच वर्षाच्या शके १८४० मध्ये ७८ मिळवा, दोन्हीकडून १९१८ च येतं. (जानेवारी ते चैत्र लागेपर्यंतच्या तिथ्यांना ५६ आणि ७९ धरायचे.)

राहिला प्लेग. मी आत्याबाईंना साल विचारलंच नाही. विचारलं, "तेव्हा घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहिल्याचं तुमच्या आई कधी बोलल्या का?" त्या म्हणाल्या, "नाही रे. दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि ताप आला, असं सांगायची. आठ दिवसांत आजोबा गेले आणि धाकटे काकाही." प्लेगात उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर जात. १९१८ च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास घरच्या घरी तरणीताठी माणसं नेली ती इन्फ्लुएंझानं, महाराष्ट्रात जिला मानमोडी म्हणत त्या साथीनं. आत्याबाईंचा ऋतू बरोबर होता, माणसं बरोबर होती. साथीचं नाव तेवढं सांगता सांगता बदललं होतं.

म्हणून म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नका. कोणता सण जवळ होता, घरात तेव्हा तान्हं कोण होतं, पाणी कुठून आणत, हे विचारा. आणि एकेकाला वेगवेगळं विचारा. चार जणी एकत्र बसल्या की थोरलीचं म्हणणं सगळ्यांचं होतं.

"आम्ही महादजींबरोबर ग्वाल्हेरला आलो," हे तर घरोघरी ऐकू येतं. महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले. शिंद्यांचं मुख्य ठाणं तेव्हा उज्जैनला होतं. आपलं लष्कर वसलं ते १८१० च्या सुमारास, महादजींचे वारस दौलतराव यांची छावणी इथे पडली तेव्हा. पण एवढ्यावरून आठवण फेकून देऊ नका. बऱ्याचदा मधला मुक्काम गळलेला असतो: एक पिढी महादजींबरोबर उज्जैनला आली, पुढची इथे. आधी उज्जैनला शोधा.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. गोविंद विनायक, विनायक गोविंद, पुन्हा गोविंद विनायक. घाई करणारे दोन गोविंदांचा एक करतात आणि मुलगा बापाआधी जन्मतो. बायकोचं नाव सापडल्याशिवाय मी कोणालाही वंशावळीत पक्का करत नाही.

दत्तक असेल तर दोन्ही बाप लिहा.

शाळेच्या दाखल्यावरची १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख मास्तरांनी घातलेली असण्याचा संभव फार.

त्र्यंबकेश्वरी वंशावळीच्या वह्या ठेवणाऱ्या तीर्थोपाध्यायांकडे जाताना मूळ गाव माहीत करून घेऊन जा, नुसतं 'ग्वाल्हेरचे' म्हणून भागणार नाही. त्यांच्या वहीत पूर्वजांच्या स्वतःच्या हातचा मजकूर मिळू शकतो. तो फोटो काढून ठेवण्याआधी शांतपणे पुरता वाचा, सोबत आलेल्या बायकामुलांची नावं तिथेच सापडतात.

मोडी कागदाचा फोटो पाठवून "दोन ओळींत सांगा" म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. एका नावासाठी अख्खं पान वाचावं लागतं. मोडी शिका, बसून शिकलात तर येते.

माझ्या वहीत डाव्या पानावर सांगितलेलं असतं, सांगणाऱ्याच्या नावासकट, आणि उजव्या पानावर कागदातलं. खोडत काहीच नाही. त्या पणतूलाही मी हेच करायला लावलं. आधी आत्याबाईंची डावी पानं त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतली, त्यांच्यासमोर बसवून.