गरोदरपणातील खाज : मलमापूर्वी जागा पाहावी

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत घरातल्या गरोदर बाईने अंगाला खाज सुटल्याची तक्रार केली, की "उन्हाचंच आहे, घामोळ्या असतील" असे म्हणून घरची मंडळी मोकळी होतात. पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या शहरात हा अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतो. परंतु गरोदरपणातील सर्वांत काळजीच्या खाजेत अंगावर पुरळ मुळीच नसते. म्हणून खाज नेमकी कोठे आहे आणि तेथे त्वचेवर काही उठले आहे का, हे प्रथम दिवसाच्या उजेडात नीट पाहावे.

तळहात आणि तळपाय खाजत असतील, रात्री ती खाज झोप मोडण्याइतकी वाढत असेल आणि त्वचेवर खाजवल्याच्या ओरखड्यांखेरीज काहीही दिसत नसेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवावे. बहुधा शेवटच्या तिमाहीत उद्भवणाऱ्या या विकारात यकृतातून पित्ताचा निचरा मंदावतो आणि पित्ताम्ले (बाईल ॲसिड) रक्तात साठू लागतात. आईला त्रास प्रामुख्याने खाजेचा होतो; बाळासाठी मात्र ही बाब गंभीर ठरू शकते, कारण पित्ताम्लांचे प्रमाण लिटरमागे १०० मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक झाल्यास बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. त्यामुळे यकृताची चाचणी, म्हणजे एलएफटी, आणि बाईल ॲसिडची तपासणी या दोन्हींविषयी आपणहून विचारावे. पहिला अहवाल निर्दोष आला आणि खाज तशीच राहिली, तर तपासणी पुन्हा करावी लागते, कारण काही जणींत खाज आधी सुरू होते आणि रक्तातील बदल नंतर दिसतात. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. पण खाज १५ तारखेला सुरू झाली, तर पुढच्या ९ तारखेची वाट पाहत बसू नये. नागपुरातल्या डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांची ओपीडी इतर दिवशीही असते.

पोटावरच्या ताणाच्या रेषांत लालसर, उंचवट्याचे पुरळ उठले असेल आणि बेंबीभोवतीची जागा तेवढी मोकळी राहिली असेल, तर ते बहुधा शेवटच्या महिन्यांतले निरुपद्रवी पुरळ असते. पहिलटकरणींत आणि जुळे असल्यास ते अधिक दिसते, मांड्यांपर्यंत पसरते आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जाते. याउलट पुरळ बेंबीपासूनच सुरू होऊन त्यावर पाणीदार फोड आले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ताप आणि फोड एकत्र असतील, तर कांजिण्यांची शंका घ्यावी आणि दवाखान्यात जाण्यापूर्वी फोनवर तसे कळवावे, म्हणजे तेथे बसलेल्या इतर गरोदर बायकांना संसर्ग होणार नाही.

निरुपद्रवी खाज घरी बरीच आटोक्यात ठेवता येते. अंघोळीचे पाणी कोमट असावे, अंघोळ लवकर आटपावी, अंग जुन्या सुती कापडाने टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच सुगंध नसलेले मॉइश्चरायझर लावावे. त्याची बाटली फ्रीजमध्ये ठेवल्यास लावताक्षणी आराम वाटतो. कॅलामाइन लोशनही चालते. परकराची नाडी पोटाच्या ताणलेल्या कातडीवर रुतते आणि नेमक्या त्या पट्ट्यात घाम साचतो, म्हणून घरात सैल सुती गाऊनच बरा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर उपकारक असतो, पण पाऊस सुरू झाल्यावर तोच खोली दमट करतो आणि घामोळ्या व नायटा यांना आयते निमित्त मिळते. तेव्हा कूलरमधले पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा. संत्र्याच्या सालीचे उटणे, अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव आणि लिंबू चोळणे हे प्रकार चिडलेल्या त्वचेला आणखी चिडवतात.

औषधाच्या दुकानातून "खाजेची ट्यूब" मागून आणणे हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत वाईट उपाय आहे. अशा अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने नायट्याची खाज चार दिवस थांबते आणि नंतर तो आधीपेक्षा जास्त पसरतो. डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मलम किंवा सेट्रिझिनसारखी गोळी गरोदरपणातही देतात, परंतु निदान करून आणि महिना पाहून. नायट्यावरच्या पोटात घ्यायच्या काही गोळ्या या काळात टाळाव्या लागतात, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाची चिठ्ठी वापरू नये.

पित्ताम्लांचा विकार झालेला असल्यास बाळंतपणानंतर खाज थांबली तरी यकृताची चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा करून घ्यावी आणि त्याची नोंद फाइलमध्ये जपून ठेवावी. पुढच्या खेपेस तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, आणि गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वीही डॉक्टरांना हे सांगणे आवश्यक असते.